ताट पुढे जातं तेव्हा

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट बाकांवरून फिरत माझ्याकडे आलं. मी तुकडा घेतला आणि ताट शेजारणीकडे दिलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि काही न घेता पुढे सरकवलं. वीसेक वर्षं ती हेच करते आहे.

ती इथेच कन्नमवारनगरात राहते. उपासना चुकवत नाही, गीतं तोंडपाठ, कोणी आजारी पडलं की प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी हजर. बाप्तिस्मा मात्र घेतलेला नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. मुलांकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे. १९५० च्या आदेशाने तो दाखला फक्त हिंदूंचा. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेरच. आई ख्रिस्ती झाली तर पडताळणीत मुलं अडकतील, ही तिची धास्ती.

परवा चहाच्या वेळी कोणीतरी तिला ‘अर्धी ख्रिस्ती’ म्हणालं. मला राग आला. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी काही महिन्यांची होते, रडले म्हणे. दृढीकरणाच्या वेळी प्रश्नोत्तरं घोकली होती, शाळेत पाढे घोकावेत तशी. मला काय द्यावं लागलं? काहीच नाही. आणि आम्ही तिची श्रद्धा मोजणार!

रेव्हरंड टिळकांची आठवण होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार तुटलं. लक्ष्मीबाईसुद्धा लगेच त्यांच्यामागून गेल्या नाहीत. जातीचा विटाळ मनातून गेल्यावर, काही वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्याने एवढी किंमत मोजली त्याच माणसाने १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा ठेवली. आम्ही त्यांची गीतं गातो, ही गोष्ट सोयीने विसरतो.

मग बाप्तिस्मा म्हणजे नुसतं पाणी का? मला तसं वाटत नाही. कॅथलिक सात संस्कार मानतात, आम्ही दोन. पण जे मानतो ते चारचौघांत करायचं असतं, मनातल्या मनात नाही. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका बाईला दाखला नाकारला, तेव्हा तिचा लहानपणचा बाप्तिस्माही पुरावा धरला गेला. कोर्टाने त्या पाण्याला वजन दिलं. आमच्याकडे नाव ठेवण्याचा समारंभ आणि मग हॉलवर जेवण, एवढंच उरत चाललंय. असो.

माझं म्हणणं एवढंच, की तिच्याकडून बाप्तिस्मा मागायचा असेल तर त्याची झळ मंडळीनेही सोसावी. पोरांच्या फीला, नोकरीला कोण उभं राहणार आहे? ते जमत नसेल तर गप्प बसावं, आणि भाकर तिलाही द्यावी.

हे मी तिला बोलून दाखवलं. पाळकांशी बोलू का, असंही विचारलं. ती हसली.

“नको बाई. तशी नको. धाकट्याची नोकरी कायम होऊ दे, मग रीतसर घेईन.”

धाकटा यंदा बारावीला आहे.