एका गाण्याचे धनी

पाश्चात्य देशांतील लोकप्रिय संगीताच्या बाजारांत एक शब्दप्रयोग फार दिवसांपासून रूढ आहे. ज्या गायकाचें अथवा वाद्यवृंदाचें एकच गाणें लोकांच्या तोंडीं बसलें आणि पुढें ज्याचें दुसरें कोणतेंहि गाणें त्या मानास पोहोंचलें नाहीं, त्यास तिकडे 'वन-हिट वंडर' असें म्हणतात. आपण त्यास 'एका गाण्याचा धनी' म्हणूं. या नांवांत आश्चर्याचा भाव असला, तरी तें उच्चारणाराच्या ओठांवर बहुधा किंचित् उपहासाचें हसूं असतें. जणूं काय हें झाड एकदां चुकून फुललें, याला पुन्हां बहर यावयाचा नाहीं! आमच्या मतें हें हसूं अज्ञानाचें आहे. ज्यांना हें नांव चिकटलें त्यांच्या कथा नीट पाहिल्या, तर दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, त्यांतील पुष्कळांचें कर्तृत्व एका गाण्यापुरतें नव्हतेंच. दुसरी अधिक दुःखाची. ती अशी कीं, ज्या एका गाण्याचे ते धनी म्हणविले गेले, त्याची मालकीहि कित्येकदां त्यांच्यापाशीं नव्हती.

मुळांत हा हिशेब मांडतो कोण, तें पाहूं. अमेरिकेंत 'बिलबोर्ड' नांवाचें संगीतव्यवसायाला वाहिलेलें एक नियतकालिक आहे. त्यानें १९५८ सालच्या ऑगस्ट महिन्यापासून देशांतील सर्वांत लोकप्रिय अशा शंभर गाण्यांची यादी दर आठवड्यास प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. तबकड्या किती खपल्या आणि रेडिओवर कोणतें गाणें किती वेळां वाजलें, यांवरून ही यादी बनत आली; अलीकडे इंटरनेटवरून ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांचीहि तींत मोजदाद होते. ब्रिटनमध्येंहि अशीच यादी निघते. दुकानदारानें कोणता माल ठेवावा हें ठरविण्यास अशी यादी सोयीची खरी. परंतु ती वाण्याची वही होय, गुणांची परीक्षा नव्हे. ज्याचें नांव त्या वहींत एकदांच आलें त्यानें आयुष्यांत एकदांच गाइलें, असें समजणें म्हणजे ज्या गांवास आपण एकदांच गेलों तेथें सूर्यहि एकदांच उगवला असें मानण्यासारखें आहे.

क्यू साकामोतो या जपानी गायकाचें उदाहरण घ्या. १९६१ सालीं त्यानें जपानमध्यें एक गाणें गाइलें. शब्द रोकुसुके एइ यांचे आणि चाल हाचिदाइ नाकामुरा यांची. त्याच्या मूळ नांवाचा अर्थ 'वर पाहत चालूं या' असा होतो. डोळ्यांतलें पाणी खालीं सांडूं नये म्हणून मान वर करून एकटाच चालणारा मनुष्य त्या गीताचा विषय आहे. १९६० सालीं अमेरिकेबरोबरच्या संरक्षण कराराविरुद्ध जपानांत जी मोठी चळवळ झाली, तिच्या अपयशाची खंत त्या शब्दांच्या मुळाशीं होती. परंतु गाणें समुद्र ओलांडून इंग्लंड-अमेरिकेस गेलें, तेव्हां तिकडील व्यापाऱ्यांस मूळ नांव उच्चारण्यास कठीण वाटलें, आणि त्यांनीं त्यास 'सुकियाकी' हें नांव दिलें. सुकियाकी म्हणजे मांस व भाज्या घालून केलेलें एक जपानी कालवण! आपल्याकडील एखाद्या करुणरसपूर्ण गीतास परक्यांनीं 'पिठलें' म्हणावें, तसाच हा प्रकार झाला. तरीहि १९६३ च्या जून महिन्यांत तें जपानी भाषेंतील गाणें अमेरिकन यादींत तीन आठवडे अग्रस्थानीं राहिलें. त्या यादीच्या हिशेबानें साकामोतो एका गाण्याचा धनी ठरतो. परंतु त्याच्या मायदेशीं विचारा. तेथें त्याचीं किती तरी गाणीं घराघरांत गाइलीं जात होतीं, आणि १२ ऑगस्ट १९८५ रोजीं जपानांतील ज्या भीषण विमान अपघातांत ५२० माणसें मृत्यु पावलीं, त्यांत तोहि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं गेला, तेव्हां सारा देश हळहळला. एकच गाणें होतें तें अमेरिकेच्या कानांत. साकामोतोच्या कंठांत नव्हे.

स्पेनमधील अंतोनियो रोमेरो मोंगे व राफाएल रुइस या जोडीची गोष्टहि अशीच. सेव्हिल शहराजवळच्या दोस एर्मानास या गांवचे हे दोघे १९६२ पासून आपल्या प्रांताच्या लोकसंगीताच्या धर्तीवर गात आले. १९९३ सालीं त्यांनीं 'माकारेना' हें गीत काढलें. त्याच्या इंग्रजी शब्द घातलेल्या नव्या आवृत्तीनें १९९६ सालीं अमेरिकेंत चौदा आठवडे अग्रस्थान राखलें, आणि आबालवृद्ध त्याच्या तालावर हातवारे करूं लागले. जगानें त्यांस पाहिलें तेव्हां त्यांच्या पाठीशीं तीस वर्षांहून अधिक काळाची मेहनत होती. मग त्यांच्या यशास आकस्मिक म्हणावें कसें? विहिरीस पाणी लागलें तो दिवस सर्वांच्या स्मरणांत राहतो. खणण्यांत गेलेलीं वर्षें मात्र खणणारासच ठाऊक असतात.

येथवर केवळ कीर्तीचा प्रश्न झाला. आतां मालकीच्या प्रश्नाकडे वळूं. कारण तो अधिक गंभीर आहे.

दक्षिण आफ्रिकेंत नाताळ प्रांतांतील मसिंगा भागांत १९०९ सालीं जन्मलेला सॉलोमन लिंडा हा झुलू तरुण तेथील एका मिशन शाळेंत शिकला आणि पुढें पोटासाठीं जोहान्सबर्गला गेला. तेथें तो ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या एका कारखान्यांत माल बांधण्याचें काम करी व सुटीच्या वेळीं आपल्या सोबत्यांसह गात असे. १९३९ सालीं त्यानें आपल्या संघासह 'म्बुबे' म्हणजे 'सिंह' हें गाणें भरून दिलें. बालपणीं गुरें राखतांना पाहिलेल्या सिंहाच्या आठवणींवर तें रचलें होतें. गातां गातां शेवटच्या भागांत त्याला एक नवीच तान सुचली, आणि तीच पुढें साऱ्या जगाच्या कानांत बसली. आफ्रिकेंत त्या तबकडीचा खप दहा वर्षांत सुमारें एक लाखावर गेला. झुलू लोकांच्या एका गायनपद्धतीसच 'म्बुबे' हें नांव पडलें. लिंडाला मात्र त्या गाण्याच्या हक्कापोटीं दहा शिलिंगांच्या आसपास मिळाले.

पुढें ती तबकडी अमेरिकेंत पीट सीगर या गायकाच्या हातीं पडली. त्याच्या संघानें १९५० नंतर लवकरच तें गाणें तेथें लोकप्रिय केलें. फक्त झुलू शब्द नीट ऐकूं न आल्यामुळें 'उयिंबुबे' याचें 'विमोवे' झालें. १९६१ सालीं इंग्रजी शब्द घालून 'द टोकन्स' या संघानें तेंच गाणें पुन्हां काढलें आणि तें अमेरिकन यादींत पहिलें आलें. १९९४ सालीं डिस्ने कंपनीच्या 'द लायन किंग' या चित्रपटांतहि तें घेतलें गेलें. इकडे लिंडा १९६२ सालीं निवर्तला, तेव्हां त्याच्या खात्यांत पंचवीस डॉलरांइतकीहि शिल्लक नव्हती, आणि त्याच्या थडग्यावर दगड बसविण्याची ऐपत विधवेस नसल्यामुळें तें कित्येक वर्षें तसेंच राहिलें. सीगरनें त्याला कांहीं पैसे पाठविण्याची व्यवस्था केली होती, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. परंतु जें पीक निघालें त्याच्या मानानें तें मूठभर होतें. २००० सालीं रायन मलान या पत्रकारानें ही कथा विस्तारानें लिहिली, तेव्हां जगाला जाग आली. पुढें लिंडाच्या मुलींच्या वतीनें खटला झाला. कर्त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीं हक्क त्याच्या वारसांकडे परत येतात, अशी १९११ सालच्या ब्रिटिश कायद्यांतील एक तरतूद तेथें कामीं आली, आणि २००६ सालीं तडजोड होऊन मुलींस त्यांचा वांटा मिळूं लागला. आयत्या बिळांत नागोबा ही म्हण आपण लहानपणीं शिकतों. हा नागोबा त्या बिळांत किती वर्षें राहूं शकतो, तें या कथेवरून कळावें.

दुसरी कथा बेल्जममधील आहे, आणि ती आमच्यासारख्या संस्थेच्या वाचकांस अधिक जवळची वाटेल. जानीन डेकर्स ही तरुणी १९५९ सालीं वॉटर्लू येथील डॉमिनिकन मठांत दाखल झाली. गिटार घेऊन ती स्वतः रचलेलीं गीतें गात असे. मठांतल्या लोकांस व पाहुण्यांस आवडतात म्हणून तीं भरून घेण्यांत आलीं. तिनें आपल्या पंथाचे संस्थापक संत डॉमिनिक यांच्यावर रचलेलें 'डॉमिनिक' हें फ्रेंच गीत १९६३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत चार आठवडे पहिल्या स्थानीं राहिलें. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येस तें पहिल्या स्थानीं आलें तेव्हां जेमतेम पंधरवडा झाला होता. शोकांत बुडालेल्या त्या राष्ट्रास त्या निर्मळ स्वरांनीं धीर दिला असावा असें आम्हांस वाटतें. तिनें दारिद्र्याचें व्रत घेतलें असल्यामुळें उत्पन्न तिच्या हातीं न येतां मठाकडे व तबकड्यांच्या कंपनीकडे गेलें. १९६६ च्या सुमारास तिनें मठ सोडला. ज्या टोपणनांवानें जग तिला ओळखत होतें तें वापरण्याची मोकळीकहि तिला उरली नाहीं, आणि नवीं गाणीं चाललीं नाहींत. मग सरकारनें त्या जुन्या उत्पन्नावरील कर तिच्याकडे मागितला. पैसा मठास दिल्याच्या पावत्या तिच्यापाशीं नव्हत्या. कर्ज व निराशा यांच्या भारानें खचून मार्च १९८५ मध्यें तिनें व तिच्या मैत्रिणीनें आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. मठास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. व्रत तिनें स्वखुषीनेंच घेतलें होतें. परंतु जिच्या गाण्यावर इतक्यांचें पोट भरलें, तिच्या कठीण काळीं तिचा हिशेब मांडून देण्यास कोणीच पुढें येऊं नये, ही गोष्ट मनास लागून राहते.

सर्वच कथा अशा शोकांत नाहींत. नॉर्मन ग्रीनबॉम हा ज्यू कुटुंबांत जन्मलेला अमेरिकन गायक. त्यानें ख्रिस्ती भक्तिगीतांच्या वळणावर 'स्पिरिट इन द स्काय' हें गाणें रचलें. १९७० सालीं तें ब्रिटनमध्यें पहिलें व अमेरिकेंत तिसरें आलें. पुढें तसें यश त्यास लाभलें नाहीं, तेव्हां त्यानें कांहीं काळ कॅलिफोर्नियांत शेळ्या पाळून दुधाचा धंदा केला. गाणें मात्र अनेक चित्रपटांत व जाहिरातींत पुन्हां पुन्हां वाजत राहिलें. एका चांगल्या गाण्यानंतर शेळ्या पाळण्यांत कमीपणा तो कसला?

यावर कोणी म्हणेल, "बाजारानें यांना संधि तर दिली! हजारों गायकांस एवढेंहि लाभत नाहीं. तबकड्या काढण्याचा खर्च व धोका व्यापारीच सोसतो. मग नफा त्यानें कां घेऊं नये?" या म्हणण्यांत तथ्य आहे. झेगर आणि एव्हन्स या जोडीचें 'इन द इयर २५२५' हें गाणें १९६९ सालीं, मनुष्यानें चंद्रावर पाऊल ठेविलें त्याच दिवसांत, अमेरिकेंत सहा आठवडे पहिलें होतें, आणि पुढें त्यांचें एकहि गाणें त्या यादींत आलें नाहीं. तेथें कोणीं कोणास लुबाडलें म्हणून नव्हे, तर लोकांची आवडच चंचल म्हणून. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. व्यापाऱ्यानें नफा अवश्य घ्यावा. परंतु धोका पत्करल्याचा मोबदला घेणें वेगळें, आणि कर्त्यास अंधारांत ठेवून त्याचें नांवच पुसून टाकणें वेगळें. आपल्या देशांत २०१२ सालीं लेखनहक्काच्या कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळें चित्रपटगीतांच्या कवीस व संगीतकारास मानधनांतील आपला समान वांटा कंपनीस लिहून देतां येत नाहीं. गरजू मनुष्य दहा शिलिंगांसाठींहि सही करतो, हें ओळखूनच असे कायदे करावे लागतात.

आमच्या विद्यार्थी मित्रांस यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. पुढें तुमच्यापैकीं कोणी गाणीं रचील, कोणी चित्रें काढील, कोणी एखादें यंत्र शोधून काढील. ज्या कागदावर सही करावयाची तो आधीं पुरता वाचा, न समजल्यास जाणत्यास विचारा, आणि दिल्याघेतल्याची पावती जपून ठेवा. दुसरें, स्नेहसंमेलनांत आपण जीं गाणीं म्हणतों, त्यांच्या शेजारीं कार्यक्रमपत्रिकेंत गाणाऱ्याचें नांव छापतों. कवीचें व चाल लावणाराचें नांव बहुधा वगळतों. यंदांपासून तीं दोन नांवें छापावीं, अशी आमची संमेलनाच्या चालकांस आग्रहाची सूचना आहे. त्यास एका ओळीहून अधिक जागा लागणार नाहीं.

आणि तिसरें, ज्याचें नांव बक्षिसांच्या यादींत एकदांच आलें, त्या सोबत्यास हसूं नका. त्यानें पुष्कळ दिवस काय केलें तें त्या यादींत लिहिलेलें नसतें. आपल्यापैकीं बहुतेकांच्या वांट्यास एकहि गाणें येत नाहीं. ज्याला एक आलें आणि तें लोकांनीं आवडीनें गाइलें, त्यानें जगाचें देणें फेडलें असें आम्ही समजतों. आतां जगानें त्याचें देणें फेडलें कीं नाहीं, एवढाच प्रश्न उरतो.