आधी पान, मग प्रश्न

‘व्हिम’ हा टेक्स्ट एडिटर नुसता उघडला, तर पडद्याच्या मध्यावर त्याचे नाव, आवृत्ती आणि काही सूचना दिसतात. मदत कशी मिळवायची ते त्यांत असते, आणि बाहेर कसे पडायचे तेही: कोलन, क्यू, एंटर. एवढे असूनही ‘व्हिममधून बाहेर कसे पडायचे?’ हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर २०१२ साली विचारलेला प्रश्न मे २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

अशा प्रश्नांवर जुन्याजाणत्यांचा शेरा ठरलेला असतो: मॅन्युअल वाचा. इंग्रजीत त्यात एक शिवीही असते. शेऱ्यामागचा वैताग खोटा नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या मंचांवर उत्तरे देणारे बहुतेक जण नोकरी सांभाळून, पदरचा वेळ घालून ती देतात. त्यांच्यापुढे ‘चालत नाही, अर्जंट आहे’ एवढे लिहायचे आणि मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो टाकायचा. आवृत्ती कोणती, कमांड काय दिली, एररचे नेमके शब्द काय, याचा पत्ता नाही. व्हिमबरोबरच ‘व्हिमट्यूटर’ हा धडा मिळतो आणि तो साधारण अर्ध्या तासात पुरा होतो. तेवढा आपला वेळ वाचवण्यासाठी परक्याची संध्याकाळ मागणे याला जिज्ञासा म्हणत नाहीत.

पण व्हिमच्या बाबतीत विचारणाऱ्याचीही एक बाजू आहे. अनेकांची व्हिमशी पहिली गाठ पडते ती कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनामुळे. संदेश न देता बदलांची नोंद, म्हणजे कमिट, केली की कित्येक संगणकांवर गिट परस्पर व्हिम उघडते, तेही फाइलसकट. आणि फाइल उघडली की सुरुवातीच्या त्या सूचना दिसतच नाहीत. आपण कोणत्या प्रोग्रॅममध्ये येऊन पडलो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने मॅन्युअल तरी कोणाचे उघडावे? त्याला नुसते ‘वाचा’ म्हणणे हाही आळसच. गिटने व्हिम उघडला आहे, दुसरा एडिटर हवा असेल तर गिटच्या मॅन्युअलमध्ये ‘कोअर डॉट एडिटर’ ही सेटिंग पाहा, असे सांगायला एक ओळ पुरते.

शिवाय मॅन्युअल दर वेळी पुरे पडतेच असेही नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे पहिले मॅन्युअल नोव्हेंबर १९७१चे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या त्या पुस्तकात कमांडच्या माहितीखाली ‘बग्ज’ असे एक सदर असे. आपल्या प्रोग्रॅमची उणी बाजू कर्तेच तिथे नोंदवत. मॅन्युअल म्हणजे वेदवाक्य नव्हे, हे ते लिहिणाऱ्यांना पहिल्यापासून मान्य होते.

म्हणूनच वाचून झाल्यावरही उरलेला प्रश्न मोलाचा. ‘अमुक पान वाचले, तिसरी पायरी केली, आवृत्ती ही, एरर हा’ असे लिहिणारा मदत मागताना मदत देतही असतो; पान कुठे तोकडे पडते ते त्याच्यामुळे कळते. त्याला मंचावर उत्तर देऊन भागत नाही, त्या पानावरही दुरुस्ती व्हायला हवी. न वाचता विचारणाऱ्याला एकदा पानाचा पत्ता द्यावा. मात्र वाचलेली दहा माणसे एकाच ओळीवर अडत असतील, तर पुन्हा ‘वाचा’ म्हणण्याचा हक्क संपला. ती ओळ नव्याने लिहावी.