लष्कराच्या भाकऱ्या आणि सरपंचाची चूल

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांचे आपल्याकडे फार कौतुक. लोकसेवेचे पैसे घेतले की सेवा बाटली, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सरपंचांचे मानधन दुप्पट करायचे ठरवले, तेव्हा अनेक घरांत चहाबरोबर हाच प्रश्न निघाला असेल : गावाची सेवा करायला पैसे कशाला?

आधी आकडे पाहू. आयुष्य बँकेत गेल्यामुळे माझी ती खोड जात नाही. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावातल्या सरपंचाला महिना ३,००० रुपये मिळत, ते ६,००० झाले. आठ हजारांहून मोठ्या गावात ५,००० चे १०,००० झाले. म्हणजे लहान गावच्या सरपंचाला दिवसाला २०० रुपये पडले. त्याच वर्षी राज्यात रोजगार हमीची मजुरी होती २९७ रुपये. सरपंच काही दिवसभर कुदळ मारत नाही, हे मान्य. पण सरकारने नेमलेल्या पोलीस पाटलाचे मानधन त्याच वर्षी १५,००० झाले. नेमलेला पंधरा हजारांचा आणि निवडून दिलेला सहा हजारांचा, हा हिशेब मला तरी उलगडत नाही.

पूर्वी गावचा कारभार फुकट चाले, हेही खरे नाही. पाटील-कुलकर्ण्यांना वतने होती, इनाम जमिनी होत्या. आणि जिथे कारभार खरोखरच फुकट चालतो, तिथे तो खात्यापित्या घरांतच राहतो. इंग्लंडच्या कामगारांनी हे फार आधी ओळखले. १८३८ च्या त्यांच्या सनदेत खासदारांना वेतन द्या, अशी मागणी होती. ती पुरी व्हायला १९११ साल उजाडले.

आपल्याकडे १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि भूमिहीन, मजूर, बायाबापड्या खुर्चीवर बसल्या. २०११ पासून तर राज्यात निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. मी तालुक्याच्या शाखेत असताना एक सरपंचबाई खात्यावरच्या सहीसाठी यायच्या. एकदा त्यांनी विचारले, ‘‘साहेब, सांजच्याला नाही का जमायचं? आजचा खुरपणीचा रोज बुडाला.’’ एस.टी.चे भाडे वेगळेच. अशा बाईंचा रोज वारंवार बुडू लागला, की कुणीतरी म्हणते, ‘‘तुम्ही कशाला त्रास घेता? सह्या तेवढ्या करा, बाकीचं आम्ही बघतो.’’ हे ‘बघणारे’ बहुधा ठेकेदार असतात, नाहीतर घरचे कारभारी.

पैसे दिले म्हणजे माणूस सचोटीचा होतो, असे मी म्हणणार नाही. भरपूर पगार घेऊन अफरातफर करणारे बँकांनीही पाहिले आहेत. मानधनाच्या आशेने नको ती माणसे उभी राहतील, ही शंकाही रास्त आहे. परंतु जे निवडणुकीत लाखो रुपये ओततात, ते काही सहा हजारांसाठी नव्हे. त्यांची नजर कामांच्या बिलांवर असते. मानधन थांबवून त्यांचे काहीच अडत नाही. अडते ते फक्त मजुराचे.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. मानधन दरमहा, ठरल्या तारखेला, सरपंचाच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावे. साध्या सदस्याचा बैठक भत्ता निदान एका दिवसाच्या मजुरीइतका असावा, आणि गैरहजर राहणाऱ्याला तो मिळू नये. कुणाला किती दिले, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. फुकट राबणाऱ्यापुढे गावाला हातच जोडावे लागतात. ज्याला रीतसर मोबदला दिला, त्याला हिशेब विचारता येतो. सहा हजारांत गावाला एवढा हक्क मिळत असेल, तर सौदा महाग नाही.