ताटातलं विचारा, नाव विचारू नका

रमजानला आठवडाभर बाकी होता. अम्मीची फार दिवसांची इच्छा होती म्हणून आम्ही घरचे सगळे गोंदियाहून प्रतापगडला गेलो होतो. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या या ठिकाणी महादेवाचं देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत दोन्हीकडे गर्दी असते आणि एकीकडे आलेले लोक दुसरीकडेही जाऊन येतात. आमच्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही.

परतताना मुलीने हट्ट धरला. "तिबेटी लोकांच्या गावात नवीन हॉटेल उघडलंय. मोमो खाऊनच जाऊ."

हे गाव म्हणजे गोठणगावजवळची नॉर्गेलिंग तिबेटी वसाहत. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागे हजारो तिबेटी निर्वासित आले. त्यांतल्या काही कुटुंबांसाठी 1972 मध्ये ही वसाहत उभी राहिली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा 1999 मध्ये वेगळा झाला. म्हणजे हे लोक आमच्या जिल्ह्यापेक्षाही जुने! पावसाळ्यात धान आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटरची दुकानं, असा त्यांचा संसार चालत आला आहे. माझा पहिला स्वेटर अब्बांनी त्यांच्याकडूनच घेतला होता. त्यानंतर किती हिवाळे गेले, किती स्वेटर घेतले, पण त्यांच्या घरी काय शिजतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

हॉटेल म्हणजे घराचीच पुढची खोली. चार टेबलं, भिंतीवर दलाई लामांची तसबीर. घरातली म्हातारी आजी कोपऱ्यात बसून मोमोला चुण्या घालत होती, मुलगा कणीक मळत होता आणि सून गल्ल्यावर. "या ना जी, बसा," ती म्हणाली. अगदी आपल्या झाडीपट्टीतलं ते 'जी'.

बसलो, पण अम्मीचा चेहरा आखडलेला. विचारणं भाग होतं. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. हल्ली 'हलाल' हा शब्द चारचौघांत उच्चारला की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी तर नाही ना, हे आधी पाहावं लागतं. तरी विचारलं.

सुनेने आठी घातली नाही. तिने सरळ हिशेबच दिला. "चिकन बाजारातून येतं, कसं कापलं ते मला सांगता येणार नाही. आज डुकराचंही आहे. त्याचं भांडं वेगळं, पण वाफेचा डबा एकच आहे. थुक्प्याचं पाणी हाडांचं आहे. तुम्ही थांबत असाल तर दुसऱ्या पातेल्यात भाजीचं करून देते. अर्धा तास लागेल."

आम्ही थांबलो. घरातलं दुसरं पातेलं आलं, त्यावर चाळणी बसली आणि कोबीचे मोमो वाफेवर चढले. गाजर, पालक आणि जाड शेवयांचा थुक्पा आला. सोबत टिंगमो, म्हणजे पदर पदर सुटणारा वाफेवरचा पाव. लाल मिरचीची चटणी अशी झणझणीत की सावजीची आठवण व्हावी. अम्मीने बिस्मिल्ला म्हणून पहिला घास घेतला आणि दुसरी वाटी मागून घेतली.

घरी आल्यावर ही गोष्ट नातेवाइकांत पोहोचली. एका बुजुर्गांचा फोन आला, "तिथे खाल्लंत? तोबा! ते कोण लोक, काय खातात, माहीत तरी आहे का?" मी म्हटलं, "माहीत आहे. विचारून खाल्लं." त्यांना ते पटलं नाही. त्यांचा आक्षेप पातेल्यावर नव्हताच, हातांवर होता.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. जेवणाआधी दोन प्रश्न विचारता येतात. एक, 'यात काय आहे?' दुसरा, 'बनवणारा कोण आहे?' पहिला प्रश्न खाणाऱ्याचा हक्क आहे. जैन माणूस कांदा-लसूण विचारतो, मधुमेहवाला साखर विचारतो, मी हलाल विचारतो. दुसरा प्रश्न मात्र माणसाला त्याची जागा दाखवण्यासाठी विचारला जातो.

या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्राला शिकवायला नको. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं, ते पाण्यात काही होतं म्हणून नव्हे. पिणारा कोण, हे पाहिलं जात होतं म्हणून. आज तोच प्रश्न नवे कपडे घालून आला आहे. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या ढाब्यांना मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलैला त्याला स्थगिती दिली आणि सांगितलं, कोणतं जेवण मिळतं ते लिहायला सांगा, नाव लिहिण्याची सक्ती करू नका. पुढच्याच वर्षी आपल्या राज्यात हिंदू विक्रेत्यांच्या झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र आलं. झटका हवा, हे मागणं मला समजतं. ते ताटातलं मागणं आहे. विक्रेता अमक्याच धर्माचा हवा, हे त्यात कशाला?

पण हे दुसऱ्यांना ऐकवताना आपल्या घरातही पाहावं लागेल. शरीयतचा नियम जनावर कापण्याबद्दल आहे. मांस नसलेलं स्वच्छ अन्न गैरमुस्लिमाच्या हातचं असलं म्हणून हराम होत नाही, हे कोणताही आलिम सांगेल. तरीही आपल्यात 'त्यांच्या हातचं' म्हणून नाक मुरडणारे आहेत. आपल्याच बिरादऱ्यांमध्ये कुणाच्या घरी जेवायचं आणि कुणाच्या नाही, हे ठरलेलं आहे. नावाची पाटी लावण्याच्या आदेशावर संतापणाऱ्यांनी आपल्या मनातल्या पाट्याही काढायला नकोत का?

तिबेटचाच दाखला घ्या. ल्हासामध्ये शतकानुशतकं मुसलमान राहत आले. त्यांना 'खाचे' म्हणतात, मूळ अर्थ काश्मीरचे. बौद्ध लोक मांस खात, पण जीव घेणं टाळत. म्हणून ल्हासात कसायाचं काम बऱ्याच अंशी मुसलमानांकडे होतं. कापणारा एका धर्माचा, शिजवणारा दुसऱ्या, आणि शहर जेवत होतं. 1959 नंतर यांतल्या अनेक खाचे कुटुंबांना ल्हासा सोडावं लागलं आणि त्यांतली बरीच श्रीनगरला स्थायिक झाली. त्यांच्या घरी आजही मोमो होतात, हलाल मांसाचे.

ईद-उल-अजहा जवळ आली तेव्हा आम्ही त्या कुटुंबाला घरी बोलावलं. सुनेला फोन केला. ती खूश झाली, मग जरा घुटमळली. "एक विचारू जी? राग नका मानू. हा आमचा सागा दावाचा महिना आहे, बुद्धांचा. आमची आजी या महिन्यात मांसाला शिवत नाही. तुमच्याकडे त्या दिवशी..."

मला राग आला नाही. फेब्रुवारीत मी चाचरत जे विचारलं होतं, तेच ती विचारत होती. मी म्हटलं, "शिरखुर्म्यात फक्त दूध, शेवया, खजूर आणि सुकामेवा असतो. आजींसाठी पुलाव भाजीचा होईल, वेगळ्या पातेल्यात."

"मग येतो," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर अम्मीने माळ्यावरचं नवं पातेलं काढायला लावलं.