समासातली साक्ष

न्यूटनच्या घरात कोणती पुस्तके होती, लॉकच्या कपाटात काय होते, याच्या याद्या करण्यात वर्षानुवर्षे घालवणारे अभ्यासक पाहिले की काही विद्वान वैतागतात. विचारवंताचा विचार वाचा, त्याची कपाटे कशाला उचकता? देवदर्शन सोडून देवळाबाहेरच्या चपला मोजण्याचा हा उद्योग आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याला जोडून दुसरा मुद्दा हमखास येतो: पुस्तक घरात असणे म्हणजे ते वाचलेले असणे नव्हे.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. स्पिनोझा १६७७ साली हेगमधल्या भाड्याच्या खोलीत वारला. त्यानंतर नोटरीने केलेल्या यादीत सुमारे १६० पुस्तके निघाली. तेवढ्यावरून त्याचे वाचन मोजणे पोरकटपणाचे ठरेल. मागून आणलेली, वाचून परत केलेली पुस्तके अशा यादीत येत नाहीत. हे मान्य. पण पुरावा अपुरा आहे म्हणून तो फेकूनच द्यायचा, हा कुठला न्याय? त्याच यादीत केव्हेदो, गोंगोरा, सर्व्हांतेस हे स्पॅनिश लेखक आहेत. अॅम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ साली बहिष्कृत केलेला हा माणूस त्या समाजाची साहित्यभाषा अखेरपर्यंत घरात बाळगून होता. त्याच्या ‘नीतिशास्त्रा’तल्या भूमितीच्या चालीच्या लॅटिनमधून हे कधीच कळले नसते.

शिवाय यादी हा या अभ्यासाचा उंबरठा झाला. खरी साक्ष पानांवर असते. आर्थर कोस्लरने १९५९ साली ‘द स्लीपवॉकर्स’मध्ये ठोकून दिले की, कोपर्निकसचा १५४३ सालचा ग्रंथ कोणी वाचलाच नव्हता. विधान झकास होते, त्यामुळे पसरले. पुढे १९७० साली ओवेन जिंजरिच या खगोलशास्त्राच्या इतिहासकाराला एडिंबरोत त्या ग्रंथाची एक प्रत सापडली. समास टिपणांनी भरलेले. टिपणे होती विटेनबर्गला शिकवणाऱ्या एरास्मुस राइनहोल्डची. मग जिंजरिचने जगभर हिंडून पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सुमारे ६०० प्रती तपासल्या. गुरूची टिपणे शिष्यांनी आपल्या प्रतींत उतरवून घेतली होती. ग्रंथ वाचला गेला होता, आणि कसा वाचला गेला तेही दिसले. राइनहोल्डने सूर्यकेंद्री विश्वाच्या प्रकरणांपाशी फारसे न थांबता पुढच्या गणितावर पेन चालवले होते. कोस्लरचे विधान खोडायला कोणताही सिद्धान्त पुरला नसता. ते या समासांनी खोडले.

न्यूटन टिपणे लिही, पण त्याची खरी खोड वेगळी. तो पानाचा कोपरा असा दुमडी की त्याचे टोक नेमके हव्या त्या शब्दावर येऊन टेकावे. तीनशे वर्षांनंतरही त्या पानावर त्याचे बोट ठेवलेले दिसते. घेतलेले पुस्तक वाचले कशावरून, असे विचारणाऱ्यांनी अशी एक घडी डोळ्यांनी पाहावी.

आता पहिला आक्षेप. विचारवंताची प्रतिभा स्वयंभू असते, तिला कपाटाची गरज काय? हॉब्जचा दाखला इथे आवडीने दिला जातो. तो फार वाचत नसे, असा त्याचा लौकिक. पण तो ज्या कॅव्हेंडिश घराण्याच्या आश्रयाला होता, त्यांच्या ग्रंथसंग्रहाची सूची खुद्द हॉब्जच्या हस्ताक्षरात आहे. लॉकचे पाहा. त्याच्या संग्रहात ३,६४१ ग्रंथ होते. बोडलियन ग्रंथालयाच्या छापील सूचीत कोरी पाने बांधून घेऊन त्याने स्वतःच्या पुस्तकांची नोंद ठेवली. त्यात प्रवासवर्णने भरपूर. माणूस जन्मतःच काही तत्त्वे घेऊन येतो, हे मत लॉकने खोडले, तेव्हा ब्राझील आणि पेरूतल्या लोकांच्या चालीरीती पुरावा म्हणून आणल्या. लॉक तिकडे कधी गेला नव्हता. हा पुरावा प्रवासवर्णनांतून आला. मग कपाट विचाराच्या बाहेरचे कसे?

आपल्याकडेही असे कपाट होते. गोदातीरावरून काशीला गेलेले कवींद्राचार्य सरस्वती यांनी शहाजहानकडून काशी-प्रयागचा यात्राकर माफ करवून घेतला. त्यांच्या ग्रंथसंग्रहाचे सूचिपत्र बडोद्याहून १९२१ साली छापले गेले. त्यात २,१९२ नोंदी आहेत. पोथ्या मात्र ठिकठिकाणच्या संग्रहांत विखुरल्या. ‘सर्वविद्यानिधान’ या बिरुदासह त्यांचे नाव पोथीवर दिसले, की तेवढ्यावरून ती ओळखायची. भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोड्यांनी कवींद्राचार्यांवर चिकाटीने लिहिले. सतराव्या शतकातला पंडित काय जमवत होता, हे यापेक्षा जवळून दाखवणारे दुसरे साधन मला तरी माहीत नाही. त्या सूचीतली प्रत्येक पोथी आज कुठे आहे, याचा शोध घेणे हे आपलेच काम आहे.

आणि हे काम उद्यावर टाकता येत नाही. न्यूटनची पुस्तके १९२० साली एका घराच्या लिलावात गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी गेली. ती न्यूटनची आहेत हे कोणाच्या लक्षात आले नाही. उरलेले ८५८ खंड १९४३ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोचले. आपल्याकडे तर दान आलेला अख्खा संग्रह विषयवार फोडून, जुन्या प्रती ‘दुबार’ म्हणून काढून टाकलेल्या मी एका ग्रंथालयात पाहिल्या आहेत. तो संग्रह कोणाचा होता, हे सांगणारा कागदही तिथे उरला नव्हता.

म्हणून विनंती आहे. घरातल्या अभ्यासू माणसाच्या मागे पुस्तके राहिली, तर रद्दीवाल्याला किंवा ग्रंथालयाला बोलावण्याआधी एक वही घ्या. कपाटात जशी लावली आहेत त्याच क्रमाने नावे उतरवा. आतल्या चिठ्ठ्या, पावत्या जिथल्या तिथे राहू द्या. दुमडलेला कोपरा सरळ करू नका.