परक्या परवान्याची पारख

काही महिन्यांपूर्वी शिरूर येथील एक शेतकरी गृहस्थ आमच्या भेटीस आले. त्यांचा वडील मुलगा आमचा माजी विद्यार्थी. घोडनदीकाठची पाऊण एकर बागायत विकून व वर कर्ज काढून त्यांनी त्यास विमानविद्या शिकण्यासाठी अमेरिकेस पाठविले होते. मुलगा तेथील व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घेऊन परतला. परंतु त्या परवान्यावर येथे त्यास विमान चालविता येईना. पुन्हा परीक्षा, पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च! ते खिन्नपणे म्हणाले, "गुरुजी, परक्या देशानं पोराला वैमानिक म्हटलं, मग आपल्याच देशाला तो का चालत नाही?"

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. दौंडहून थोड्याच अंतरावर असलेल्या बारामतीस वैमानिकांचे शिक्षण अनेक वर्षे चालत आले आहे, आणि ती शिकाऊ विमाने पाहून आमच्या वर्गातील मुलेही या विद्येची चौकशी करू लागली आहेत. म्हणून आमचे मत येथे मांडतो.

प्रथम कायदा पाहू. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे ५२ राष्ट्रांनी नागरी विमानोड्डाणाविषयीचा करार केला. त्यांत हिंदुस्थानही होता. विमान ज्या देशात नोंदलेले असेल, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकापाशी असावा, असे त्यात ठरले. म्हणून अमेरिकेचा वैमानिक अमेरिकेत नोंदलेले विमान घेऊन मुंबईस उतरू शकतो. पण ज्या विमानावर 'व्हीटी' ही भारतीय नोंदणीची अक्षरे आहेत, ते तेवढ्या परवान्यावर त्यास चालविता येत नाही. शिवाय आपल्या नागरिकास दुसऱ्या देशाने दिलेला परवाना आपल्या हद्दीतील उड्डाणासाठी न मानण्याचा अधिकारही प्रत्येक राष्ट्राने त्या करारात राखून ठेविला आहे. अमेरिकाही परदेशी परवान्याच्या आधारे केवळ खाजगी उड्डाणाचा परवाना देते. वेतन घेऊन विमान चालवावयाचे तर तेथेही परीक्षा चुकत नाही. तेव्हा हा आपल्याच सरकारचा हट्ट आहे, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

दौंडच्या रेल्वे-वसाहतीतील मुलांस यातील मर्म सहज कळेल. वीस वर्षे इंजिन चालविलेला मनुष्य असला, तरी नव्या मार्गावर गाडी नेण्यापूर्वी त्यास तो मार्ग शिकावा लागतो. सिग्नल कोठे, चढ कोठे, वळण कोठे, हे दिवसा व रात्रीही फेऱ्या करून पाहावे लागते. यात त्याचा कोणी अपमान समजत नाही. आकाशालाही असेच मार्ग आहेत. अमेरिकेत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये. त्या आकड्यावर उंचीमापक लावावयाचा असतो. एका हेक्टोपास्कलची चूक झाली, तर उंचीत सुमारे २८ फुटांची चूक पडते. शिवाय आपला मोसमी पाऊस, सह्याद्रीवर दाटणारे ढग आणि येथील हवाई नियम यांचा अभ्यास परदेशात कोण करवून घेणार?

दुसरे असे की, पारखेवाचून कागद घेतल्यास काय होते, हे आपण पाहिले आहे. २०११ साली काही वैमानिकांनी खोट्या गुणपत्रिका जोडून वरच्या श्रेणीचे परवाने मिळविल्याचे उघडकीस आले, आणि ते परवाने रद्द झाले. ते कागद तर या देशातीलच होते! विमानात बसलेल्या प्रवाशांस वैमानिकाची परीक्षा घेता येत नाही; ती त्यांच्या वतीने शासनानेच घ्यावयाची असते.

तथापि त्या गृहस्थांच्या तक्रारीत तथ्य नाही असे नव्हे. परीक्षा कठोर असावी, पण वाट पाहणे ही परीक्षा नव्हे. परदेशी कार्यालयाकडून परवान्याची खात्री पटविणे, कागदांची छाननी, उड्डाणाची चाचणी, यांत लांबलेल्या प्रत्येक महिन्याचे व्याज गरीब घरास भरावे लागते. आणि सरावावाचून राहिलेला हातही जड होतो. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला. रेडिओ-संभाषणाच्या परीक्षेचे काम पूर्वी दूरसंचार खात्याकडे असे. या कायद्याने ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सोपविले. दोन दारांचे एक दार झाले, हे योग्यच झाले. आता प्रत्येक टप्प्यास मुदत ठरवून ती पाळली जावी, असे आमचे मागणे आहे.

पालकांस आमची विनंती एवढीच, की जमीन विकण्यापूर्वी परतीची वाट पाहून ठेवावी. प्रथम मुलाची पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी येथेच करवून घ्यावी. रंग ओळखण्यात दोष निघाला, तर तो सातबारा हातात असतानाच कळलेला बरा. व्यावसायिक परवान्यासाठी येथे २०० तासांचे उड्डाण लागते, त्यांपैकी १०० तास मुख्य वैमानिक म्हणून. परदेशातील शिक्षणक्रम तेवढा भरतो की नाही, ते लेखी विचारावे. परतल्यावर द्यावयाच्या परीक्षांचा खर्च व त्या काळातील पोटापाण्याची तजवीजही आधीच हिशेबात धरावी.

आणि विद्यार्थ्यांनो, बारावीस गणित व भौतिकशास्त्र हवे, हा नियम वर्षानुवर्षे चालत आला. त्यात पुढे फेरफार होवो वा न होवो, वारा आणि वेग यांचे गणित कोणत्याही देशात माफ होत नाही.

आमचा तो माजी विद्यार्थी सध्या घरी हवाई नियमांचे पुस्तक घेऊन बसतो. "विमान कधी उडवणार?" असे गावात विचारले जाते, आणि तो मान खाली घालतो. त्याने मान खाली घालू नये. परवाना ज्या त्या देशाचा. विद्या मात्र त्याची स्वतःची आहे. ती पुन्हा एकदा दाखवावी लागते, यात कमीपणा कसला?