दोन्हीकडून गद्दार ठरलेला लोहाराचा पोरगा

"तू आपल्यातला ना? मग आपल्याच लोकांची अब्रू का काढतोस?"

गावपातळीवर बातमीदारी करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो. दुसऱ्या गटाच्या भानगडी छापल्या की आपण निर्भीड पत्रकार. आपल्या समाजाच्या पतसंस्थेचा किंवा आपल्या नेत्याच्या ठेकेदाराचा विषय काढला की लगेच गद्दार. वर फुकटचा सल्ला मिळतो तो वेगळाच: लिही रे, पण आपल्या माणसांना सांभाळून लिही.

मला हा सल्ला मान्य नाही. का नाही, ते एका युक्रेनियन माणसाच्या आयुष्यावरून सांगतो. नाव इव्हान फ्रांको. (स्पेनचा हुकूमशहा फ्रांको तो वेगळा, गोंधळ करू नका.) हा कवी, कादंबरीकार, अनुवादक, राजकीय पक्षाचा संस्थापक, आणि दहा वर्षं वर्तमानपत्रात नोकरी केलेला आमच्याच धंद्यातला माणूस. आज युक्रेनच्या २० रिव्नियाच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे. जिवंतपणी मात्र खिसा कायम रिकामा.

जन्म १८५६चा, नाहुयेव्हिची नावाच्या खेड्यातला. तो भाग म्हणजे गॅलिसिया, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वर व्हिएन्नाचा सम्राट, प्रांतात सत्ता पोलिश जमीनदारांची, आणि पूर्वेकडच्या शेतांत राबणारे बहुतेक युक्रेनियन. त्यांना तेव्हा रुथेनियन म्हणत. बाप लोहार. पोरगा लहान असतानाच बाप गेला. तरी हा शिकत शिकत द्रोहोबिचच्या शाळेतून ल्विव्हच्या विद्यापीठापर्यंत पोचला.

१८७७ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, समाजवादी म्हणून पोलिसांनी उचलला. आरोप काय, तर गुप्त संघटना चालवतो. सुमारे नऊ महिने आत काढले. खरी शिक्षा सुरू झाली ती सुटल्यावर. 'प्रोस्विता' ही युक्रेनियन समाजात वाचन आणि शिक्षण वाढवणारी नावाजलेली संस्था. तिनं याला काढून टाकलं. जिच्यावर जीव होता तिचे वडील धर्मगुरू. त्यांनी घराचं दार बंद केलं, आणि शेवटी तिचं लग्न दुसरीकडे झालं. नीट लक्षात घ्या, तुरुंगात टाकलं सरकारनं, पण वाळीत टाकलं आपल्याच लोकांनी.

मग हा गप्प बसला का? नाही. त्याच्या मुलखातच बोरिस्लावला खनिज तेल निघालं होतं. हातानं खणलेल्या खोल विहिरी, आत कोंडलेला वायू, आणि दोराला लटकून खाली उतरणारा मजूर. हा मजूर बहुतेक वेळा शेती हातची गेलेला शेतकरीच असायचा. फ्रांकोनं त्याच्यावर कथा लिहिल्या. 'बोरिस्लाव हसतंय' ही मजुरांच्या संपावरची कादंबरी १८८१-८२ मध्ये एका मासिकातून क्रमशः आली. मासिक बंद पडलं आणि कादंबरी अपुरीच राहिली. मधे १८८० मध्ये दुसरी अटक झाली. त्या वेळी तर पोलिसांच्या पहाऱ्यात पायी चालवत त्याला गावी पाठवलं. तिसरी अटक १८८९ची.

१८८७ पासून पोटासाठी 'कुर्येर ल्वोव्स्की' या पोलिश दैनिकात नोकरी. पुढे तो स्वतः या वर्षांना शेजाऱ्याच्या घरची चाकरी म्हणायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर सालगडी. पण सालगड्यानं मान खाली घातली नाही. १८९० मध्ये मित्र मिखाइलो पाव्लिक आणि इतरांबरोबर त्यानं रुथेनियन-युक्रेनियन रॅडिकल पक्ष काढला. युक्रेनियन लोकांचा हा पहिला आधुनिक राजकीय पक्ष. १८९३ मध्ये व्हिएन्नाहून डॉक्टरेट घेतली. १८९५ मध्ये ल्विव्ह विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळावी म्हणून व्याख्यान दिलं. व्याख्यान गाजलं, जागा मिळाली नाही. प्रांताचा गव्हर्नर काझिमिएझ बादेनी याला असला तुरुंगवारी केलेला माणूस विद्यापीठात नको होता. त्याच वर्षी आणि नंतरही फ्रांको निवडणुकीला उभा राहिला, पडला. तिथल्या निवडणुका तेव्हा दांडगाईसाठी बदनामच होत्या.

आता १८९७ साल बघा. मुद्दा इथे आहे.

त्या वर्षी त्यानं व्हिएन्नाच्या 'डी त्साइट' या साप्ताहिकात पोलंडचा राष्ट्रकवी मित्स्क्येविच याच्यावर जर्मनमध्ये लेख लिहिला. मथळाच होता 'फितुरीचा कवी'. या कवीच्या काव्यात विश्वासघाताला वीराचा मुकुट घातला जातो, असा त्याचा आक्षेप. पोलंड तेव्हा नकाशावर देश म्हणून उरलाच नव्हता, त्यामुळे पोलिश लोकांना हा घाव जिव्हारी लागला. दहा वर्षांची नोकरी गेली.

इथवर ठीक, तुम्ही म्हणाल, परक्यांशी भांडला. पण त्याच वर्षी पोलिश भाषेत निघालेल्या स्वतःच्या कथासंग्रहाला त्यानं प्रस्तावना जोडली आणि तीत आपल्याच रुथेनियन समाजाची खरडपट्टी काढली. या लोकांवर आपलं प्रेम नाही, इथपर्यंत तो लिहून बसला. पुढारी कोत्या मनाचे, देशप्रेम नुसतं तोंडाचं. मग हा माणूस या लोकांसाठी राबतो कशाला? त्याचं म्हणणं असं की शेतकऱ्याच्या कष्टाची भाकरी खाऊन आपण वाढलो, ते ऋण आहे, ते फेडायचं आहे. देशप्रेम त्याच्या लेखी मिरवायची गोष्ट नव्हती, खांद्यावर पडलेलं ओझं होतं. झालं! आपल्यांनीही झोडपून काढला. एकाच वर्षात दोन्हीकडून गद्दार.

माझं स्पष्ट मत आहे: समाजाचं भलं करणारी माणसं बहुतेक वेळा अशाच जागी उभी सापडतात. आपल्या लोकांची नुसती स्तुती करणारा आपला नसतो. त्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं: मत, जाहिरात, वर्गणी, नाहीतर हार. ज्याला काही नको असतं तोच तुमच्या तोंडावर सांगतो की पतसंस्थेचा हिशेब लागत नाहीये.

फ्रांको देवमाणूस होता असं मी म्हणत नाही. मित्स्क्येविचवरचा लेख अनेकांना एकांगी वाटतो. त्याच्या लिखाणातल्या ज्यू पात्रांच्या चित्रणावर अभ्यासक आक्षेप घेतात, आणि घ्यायलाच हवेत. त्याच्यावरही टीका करा. जो दुसऱ्याच्या राष्ट्रकवीला सोडत नाही, त्याला आपण का सोडायचं?

पण मेल्यावर त्याचं काय झालं तेही ऐका. १९०८ पासून हात निकामी झाले, तरी लिहिणं आणि सांगून लिहून घेणं सुटलं नाही. २८ मे १९१६ रोजी, महायुद्धाच्या धामधुमीत, ल्विव्हमध्ये गेला. स्वतःचं थडगं नव्हतं, काही वर्षं दुसऱ्या कुटुंबाच्या थडग्यात ठेवावा लागला. मग सोव्हिएत राजवट आली. १९४० मध्ये ल्विव्ह विद्यापीठाला त्याचंच नाव दिलं, ज्या विद्यापीठात त्याला शिकवू दिलं नव्हतं! १९६२ मध्ये स्तानिस्लाव शहराचं नाव इव्हानो-फ्रांकिव्स्क केलं. पन्नास खंडांत त्याचं साहित्य छापलं, पण गैरसोयीचं ते गाळून. सगळं सरकारच्या हातात देणारा समाजवाद माणसाला कैदी करून सोडेल, असा इशारा त्यानं १९०३ मध्येच देऊन ठेवला होता. तो कसा छापणार?

जिवंतपणी तोंड बंद करता आलं नाही, म्हणून मेल्यावर पुतळा केला. पुतळा उलट उत्तर देत नाही, एवढीच त्याची सोय.

म्हणून मित्रांनो, जयंतीचा फोटो टाकण्याआधी एक करा. तुमच्या गावात, तुमच्या जातीत, तुमच्या पक्षात असा एखादा असेल, जो आपल्याच माणसांचा हिशेब मागतो. त्याला ग्रुपमधून काढलं असेल तर परत घ्या. त्याच्या छोट्या पेपरची वर्गणी भरा. त्याचं चुकलं असेल तर कागद दाखवून खोडून काढा. फक्त "तू आपला की त्यांचा" हे विचारू नका. त्याचं उत्तर तो रोज लिहून देतोय, आपण वाचत नाही एवढंच.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.